बाळगुटी : सुरक्षिततेचे परीक्षण

बाळगुटी म्हणजे तान्ह्या बाळाला चाटवायचे, सहाणेवर उगाळलेले काष्ठौषधींचे चाटण. महाराष्ट्रात ती पिढ्यानपिढ्या दिली जाते. आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात हिरडा, बेहडा, मायफळ, जायफळ, वेखंड, अतिविष, काकडशिंगी, मुरुडशेंग, डिकेमाली, ज्येष्ठमध, हळकुंड, सुंठ, बदाम, खारीक यांतले घरच्या रिवाजाप्रमाणे काही उगाळतात. मात्रा वळशांत, म्हणजे सहाणेवर खोड फिरवलेल्या फेऱ्यांत, मोजतात. शी पातळ झाली की मायफळाचा वळसा वाढवायचा, खडा झाला की हिरड्याचा.

परीक्षणातली पहिली अडचण या वळशातच आहे. सहाण किती खरखरीत, हात किती जड, खोड किती जुने यावर एका वळशात किती द्रव्य उतरेल हे ठरते, आणि दोन घरांतली गुटी सारखी नसते. उगाळून झालेली ओली खोडे तशीच डब्यात परत गेली तर त्यांवर बुरशी धरते. हा दोष वनस्पतीचा नव्हे, पण पोटात जातो तो बाळाच्याच. म्हणून प्रयोगशाळेत सूक्ष्मजंतूंची तपासणी रासायनिक तपासणीइतकीच महत्त्वाची ठरते.

त्याआधी द्रव्याची ओळख पटवावी लागते. अतिविष महाग असल्याने त्यात भेसळ होते, आणि त्याच्याच कुळातला बचनाग अत्यंत विषारी आहे. मायफळ आणि काकडशिंगी ही तर फळे वा शेंगा नसून कीटकांमुळे झाडावर आलेल्या गाठी आहेत, त्यामुळे नुसते नाव वाचून खरेदी करणाऱ्याची सहज फसगत होते. खरे द्रव्यही निर्धोक असेलच असे नाही. वेखंडातील बीटा-ॲसरोन हे रसायन प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक आढळले, आणि अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली. जायफळ जास्त झाले तर गुंगी येते. बाळ ‘गुटीने शांत झोपते’ हे कौतुक त्यामुळे जरा सावधपणेच ऐकावे.

तयार उत्पादनांत जड धातूंची तपासणी होते. भारतात वनस्पतिजन्य आयुर्वेदिक औषधांसाठी शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष अशा कमाल मर्यादा आहेत. मात्र बालकांच्या आतड्यांतून शिसे प्रौढांपेक्षा जास्त प्रमाणात शोषले जाते आणि शिशाची सुरक्षित अशी पातळी ठाऊक नाही. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर या प्रश्नाची जगभर चर्चा झाली.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खालील नियम १५८-ब प्रमाणे ग्रंथोक्त, म्हणजे आयुर्वेदाच्या प्रमाण ग्रंथांत दिलेले, औषध त्या ग्रंथात सांगितलेल्याच उपयोगासाठी विकायचे असेल तर नव्याने सुरक्षितता-अभ्यास मागितला जात नाही. ग्रंथाचा दाखला पुरतो. गंमत अशी की काश्यपसंहिता या बालरोगांवरच्या प्राचीन ग्रंथातील लेहाध्याय, म्हणजे चाटणांवरचा अध्याय, स्वतः इतका सैल नाही. कोणत्या बाळाला चाटण द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे तो वेगवेगळे सांगतो.

वैद्यकीय चाचणी घेणे त्याहून अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यायचे असते, त्यामुळे निरोगी नवजाताला गुटी देऊन पाहण्याला नीतिसमितीची संमती मिळवणे सोपे नाही. मधाचा प्रश्न तर निकालात निघालेला आहे. बॉट्युलिझमच्या, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराच्या, धोक्यामुळे एक वर्षाखालील मुलाला मध देऊ नये, मधातून सोने चाटवण्याच्या सुवर्णप्राशनातूनही नाही. अंगाला लावायच्या उपायांची चाचणी मात्र जमते. मालिशीच्या तेलांची तुलना करणारा भारतीय अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खोबरेल तेलाच्या मालिशीने खनिज तेलापेक्षा वेगाने वाढल्याचे दिसले.

बाजारात आलेल्या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता योजनेत होते. तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. घरी उगाळलेल्या गुटीला बॅच क्रमांक नसतो. उलट्या झालेल्या बाळाला दवाखान्यात नेताना गुटीची खोडेही सोबत नेली, तरच कशाने त्रास झाला याचा माग लागू शकतो.