लाखात एकाला होणारी रिॲक्शन सापडते कशी?

दहा हजारात एकाला होणारी रिॲक्शन ट्रायलमध्ये निदान एकदा तरी दिसेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर साधारण ३० हजार लोकांना ते औषध द्यावं लागतं, आणि ट्रायलमध्ये बहुतेक वेळा काही हजारच लोक असतात. म्हणजे कुणी काही लपवलं नाही, कुणाची चूक नाही, तरी असली रिॲक्शन पहिल्यांदा दिसते ती औषध मेडिकलवर मिळायला लागल्यानंतरच.

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (एसजेएस) त्यातलंच. आधी ताप, घसा, डोळ्यांची आग, लोकांना वाटतं व्हायरल आहे, मग अंगावर लाल-जांभळे डाग, तोंडात फोड, आणि भाजल्यासारखी कातडी सुटायला लागते. ३० टक्क्यांच्या वर कातडी गेली की त्याला टीईएन (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस) म्हणतात आणि त्यात साधारण तीनातला एक पेशंट दगावतो. कारण बरेचदा रोजच्या वापरातली औषधं, फिट्सवरच्या कार्बामाझेपाइन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडसाठीची ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या. त्रास सुरू होतो तो बहुतेक चार दिवस ते चार आठवड्यांनी, तोवर गोळी बदलून दिली होती हे घरचेही विसरलेले असतात.

कॉम्प्युटरवरचं रेकॉर्ड मात्र विसरत नाही. गोळी कुठल्या तारखेला सुरू झाली, त्यानंतर कोण ॲडमिट झालं, निदानाचा कोड काय पडला, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचे किंवा लिव्हरचे आकडे वाढले का, हे सगळं लाखो पेशंटचं एकदम शोधता येतं. पण नुसत्या कोडवर भरवसा ठेवून चालत नाही, कारण 'एसजेएस आहे का बघा' म्हणून टाकलेला कोड तसाच राहून जातो, म्हणून डॉक्टरांनी लिहिलेला मजकूरही वाचावा लागतो, आणि तिथे 'एसजेएसची लक्षणं नाहीत' असं लिहिलं असेल तर प्रोग्रामला तो 'नाहीत' कळलाच पाहिजे. शेवटी निवडलेल्या केसेस एखादा अनुभवी डॉक्टर बसून तपासतो, त्याला पर्याय नाही.

माझ्या मते रेकॉर्डची खरी ताकद वेगळीच आहे. आपल्याकडे २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला, आणि त्यांनीच २०२३ च्या नोव्हेंबरात पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे ड्रेस सिंड्रोम (पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांनाही त्रास देणारी गंभीर रिॲक्शन) होऊ शकतो असा इशारा दिला. मोलाचं काम आहे. पण कुणीतरी कळवलेल्या केसेसवरून किती जणांना त्रास झाला एवढंच कळतं, तेही अर्धवट, गोळी एकूण किती जणांनी घेतली ते कळत नाही आणि त्याशिवाय धोका किती ते सांगताच येत नाही. रेकॉर्डमध्ये दोन्ही आकडे असतात.

आता आमच्या इंदूरचं बघा. रामबागेत शेजारच्या काकूंना चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर कार्बामाझेपाइन दिलेली, काही दिवसांनी अंगावर पुरळ आलं, सुदैवाने साधंच निघालं. त्यांची कागदांची थैली मी बघितली. नसांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळी होती पण पुरळ नाही, दुसऱ्या दवाखान्यातल्या स्किनवाल्यांच्या कागदावर 'औषधाचं पुरळ?' एवढंच, कुठलं औषध ते नाहीच, आणि मधल्या गोळ्या मेडिकलवरून बिल न घेता आणलेल्या. दोन्हीकडे नंबर वेगळे. उद्या दोन्ही दवाखाने पूर्ण कॉम्प्युटरवर गेले तरी ही गोळी आणि हे पुरळ एकाच बाईचं आहे हे कुणाला कळणार?

आणि जुळलं तर किती फायदा होतो! तैवानमध्ये २००४ साली कार्बामाझेपाइनने एसजेएस झालेले ४४ पेशंट तपासले, ४४ च्या ४४ जणांत एचएलए-बी*१५:०२ हा जनुकाचा प्रकार निघाला, आणि तीच गोळी पचवलेल्यांत फक्त तीन टक्क्यांत. तिथे आता गोळी द्यायच्या आधी रक्त तपासता येतं.

२०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा आभा नंबर, म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा आरोग्य नंबर, या जोडणीसाठीच आहे, तेव्हा केसपेपर काढताना तो द्या आणि आधी कुठल्या गोळीने पुरळ आलं होतं ते नावासकट लिहून घ्यायला लावा. रिॲक्शन स्वतः कळवायची असेल तर १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. आणि नवीन गोळीनंतर ताप, डाग, तोंडात फोड असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घेऊन.