ऑर्गनच्या बाकावर घडलेला संगीतकार: तिएरी एस्केश

एप्रिल २०२४ मध्ये पॅरिसच्या नॉत्र दाम कॅथेड्रलमधल्या ऑर्गनचे, म्हणजे नळ्यांतून हवा सोडून वाजणाऱ्या भव्य वाद्याचे, एक मुख्य वादक म्हणून तिएरी एस्केश यांची नेमणूक झाली, तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. ऑपेरा म्हणजे गायनातून उलगडणारी नाटके, एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीचे कॉन्चेर्तो, वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना असे सगळे त्यांच्या नावावर जमा होते आणि २०१३ पासून ते फ्रान्सच्या ललित कला अकादमीचे सदस्यही होते. इतका मान मिळालेला संगीतकार रविवारच्या उपासनेला साथ करायला का जातो, हे समजून घ्यायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकात आरिस्तीद काव्हाये-कॉल या कारागिराने फ्रान्समधला ऑर्गनच बदलून टाकला. हवेच्या दाबाने पट्ट्यांचा जडपणा कमी करणारी यंत्रणा त्याने वापरली आणि हळूहळू चढत जाणारा, अख्ख्या वाद्यवृंदासारखा आवाज एका माणसाच्या हातापायांत आणून दिला. सें-सुल्पीस चर्चमधला त्याचा ऑर्गन १८६२ चा, नॉत्र दाममधला १८६८ चा. या वाद्यांनी वादकांना संगीतकार केले, असे मला ठामपणे वाटते. सेझार फ्रांक १८७२ पासून पॅरिस कॉन्झर्व्हेटॉर या संगीत विद्यालयात ऑर्गन शिकवू लागले, तेव्हा त्या वर्गाच्या परीक्षेतल्या चार भागांपैकी तीन जागच्या जागी रचून वाजवायचे असत. पाठ केलेली रचना फक्त एका भागात.

उपासनेची गरजही हीच होती. मिरवणूक लांबली, धर्मगुरू थांबले, तर संगीतही तेवढेच लांबवावे लागते. छापील पानावर हे भागत नाही.

लुई व्हिएर्न हे याच वर्गातून तयार झाले. जवळजवळ दृष्टिहीन असलेले व्हिएर्न १९०० पासून नॉत्र दामचे वादक होते. २ जून १९३७ रोजी तिथल्या मैफलीत स्वतःची रचना वाजवून झाल्यावर, दिलेल्या स्वरावलीवर उत्स्फूर्त वादन सुरू करण्याच्या क्षणी ते बाकावरच कोसळले आणि गेले. त्यांच्या शेजारी त्या वेळी मोरिस द्युरुफ्ले उभे होते.

हे द्युरुफ्ले एस्केश यांच्या कहाणीत फार महत्त्वाचे. सेंत-एतिएन-द्यु-माँ चर्चमध्ये त्यांनी अनेक दशके वाजवले. रचनांच्या बाबतीत ते स्वतःशी इतके कठोर, की त्यांचे रचनाक्रमांक चौदाच्या पुढे गेलेच नाहीत. १९४७ चे ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचे संगीत, त्यांतलेच. पण त्यांनी आणखी एक काम केले, ज्याची दखल फारशी घेतली जात नाही. त्यांचे दोन्ही गुरू, व्हिएर्न आणि शार्ल तुर्नमीर, यांचे उत्स्फूर्त वादन जुन्या तबकड्यांवर मुद्रित झाले होते. ते पुन्हा पुन्हा ऐकून द्युरुफ्ले यांनी सूर न् सूर कागदावर उतरवला. हवेत विरून जाणारे संगीत त्यामुळे आज इतरांना वाजवता येते.

१९९० च्या दशकात याच चर्चचा ऑर्गन एस्केश यांच्याकडे आला; व्हॅन्सां वार्निए त्यांचे सहवादक होते. १९६५ साली पॅरिसजवळच्या नोजां-स्यूर-मार्न इथे जन्मलेल्या एस्केश यांनी कॉन्झर्व्हेटॉरमधून आठ प्रथम पारितोषिके मिळवली आणि १९९२ पासून ते तिथेच रचनाशास्त्र व उत्स्फूर्त वादन शिकवू लागले. द्युरुफ्ले यांचा संकोच त्यांच्यात अजिबात नाही. ते भरपूर लिहितात, मूकपटांना ऑर्गनवर जागच्या जागी संगीत देतात. त्यांच्या लिखित संगीतातही ग्रेगोरियन गायनाचा, म्हणजे चर्चमधल्या प्राचीन प्रार्थनागायनाचा, एखादा तुकडा लयीच्या रेट्याखाली सापडून पार बदलत जातो. बोटांना लागलेली सवयच तिथे ऐकू येते.

ऑपेराच्या क्षेत्रात ते उशिरा आले. ‘क्लोद’ हा त्यांचा ऑपेरा २०१३ मध्ये लियाँला सादर झाला. व्हिक्टर ह्यूगोच्या देहदंडविरोधी कथेवरून त्याची संहिता लिहिली होती रोबेर बादँतेर यांनी, ज्यांनी कायदामंत्री असताना १९८१ मध्ये फ्रान्समधला देहदंड रद्द करवला. फारसी कवी निझामीच्या खुस्रो-शिरीन या प्रेमकाव्यावर आधारलेला ‘शिरीन’ २०२२ मध्ये त्याच रंगमंचावर आला.

नॉत्र दामचा ऑर्गन २०१९ च्या आगीत जळाला नाही. पण शिशाच्या धुळीमुळे त्याच्या सुमारे आठ हजार नळ्या उतरवून साफ कराव्या लागल्या. ७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथेड्रल पुन्हा उघडले, तेव्हा आर्चबिशपनी त्याला आठ वेळा साद घातली. त्या प्रत्येक सादेला ऑर्गनवादकांनी उत्स्फूर्त वादनानेच उत्तर दिले, आणि त्या वादकांत एस्केश होते.