ॲनिमेशन कुटुंबपट आणि रूढ भूमिका

लहानमोठ्यांनी एकत्र बसून पाहावेत म्हणून काढलेल्या ॲनिमेशनपटांनी बाईची कामे, पुरुषाची कामे ही ठरून गेलेली वाटणी अनेकदा मोडून दाखवली आहे. जन्मावरून माणसाची किंमत करण्याच्या सवयीलाही त्यांनी हात घातला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत हे चित्रपट बहुतेक घरांत हिंदी डबिंगमधून पोहोचतात, टीव्हीवर आणि आता मोबाइलवर. मुले ते हिंदीत पाहतात आणि आजीला त्यांची गोष्ट सांगतात ती अहिराणीत किंवा लेवा बोलीत. ‘पोरनी जात’ (मुलीची जात) हे दोन शब्द ज्या घरात सहज बोलले जातात, त्याच घरात हे चित्रपट चालू असतात. म्हणून इथे त्यांचे मोल वेगळे.

डिस्नेचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट १९३७ सालचा, स्नो व्हाइटचा. परक्या घरात शिरल्यावर ती पहिल्यांदा केर काढते, भांडी घासते आणि पुढे राजपुत्राची वाट पाहते. हा साचा बराच काळ टिकला. १९९८च्या ‘मुलान’मध्ये पायाने अधू झालेल्या बापाऐवजी मुलगी त्याच्याच तलवारीने केस कापून पुरुषवेषात सैन्यात जाते. २०१२च्या ‘ब्रेव्ह’मध्ये मेरिडा स्वतःच्या स्वयंवरात स्वतःच धनुष्य उचलते. २०१३च्या ‘फ्रोझन’मध्ये ज्या खऱ्या प्रेमाने शाप सुटतो ते बहिणीचे असते, राजपुत्राचे नव्हे. या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी जेनिफर ली या डिस्ने ॲनिमेशनच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाच्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक.

तलवार घेतलेली मुलगी मात्र फार लवकर पचते. मुलगी शूर निघाली तर कौतुक होते, ‘आमची पोरगी मुलासारखी आहे’ असे अभिमानाने सांगितले जाते. त्यात मुलगाच वरचढ राहतो. घराला खरे हलवतात ते प्रसंग चुलीजवळचे, ताटातले. २०१८च्या ‘इन्क्रेडिबल्स २’मध्ये आई कामावर जाते आणि धिप्पाड बाप घरी राहतो. पोराचे नव्या पद्धतीचे गणित त्याला येत नाही, चिडचिड होते. मग तो रात्री पुस्तक घेऊन बसतो, स्वतः शिकतो आणि परीक्षेआधी पहाटेच पोराला उठवून समजावतो. घरकाम करणाऱ्या पुरुषाला ‘बायल्या’ म्हणून हिणवणाऱ्या गावात हा छोटासा प्रसंग कुठल्याही युद्धापेक्षा मोठा आहे, कारण त्यात बाप दुबळा दिसत नाही, थकलेला आणि प्रेमळ दिसतो.

हीच गोष्ट आपल्याकडे आधी सांगितली ती ‘मीना’ने. १९९०च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी केलेली ही मालिका. भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन (१९३१–२०१९) यांनी तिला रूप दिले. मीना, भाऊ राजू, तान्ही बहीण राणी, पोपट मिठू, आई-बाबा आणि आजी असा परिवार. एका भागात आंबा वाटला जातो आणि मोठा वाटा राजूला मिळतो, कारण तो मुलगा. मग बहीणभाऊ एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि संध्याकाळी राजूला कळते की मीना दिवसभर किती राबते. कुणी भाषण देत नाही. प्रश्न फक्त फोडींचा असतो, आणि तो कोणत्याही घरातल्या पोराला कळतो.

खानदेशात याचा पडताळा भरताच्या हंगामात येतो. थंडीत शेतावर भरीत-पुरीचा बेत असला की कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भरताची मोठी वांगी भाजणारे, ती सोलून लाकडी भांड्यात ठेचणारे हात बहुधा पुरुषांचे असतात आणि त्यांच्या हाताच्या चवीची तारीफ होते. घरी परतल्यावर तेच हात चुलीकडे वळत नाहीत. ‘रॅटाटूई’ (२००७) नेमके इथे बोट ठेवतो. पॅरिसच्या नावाजलेल्या स्वयंपाकघरात कोलेट ही एकटीच बाई. नवख्या पोराची बाही सुऱ्यांनी फळीला खिळवून ती त्याला सुनावते की इथले नियम म्हाताऱ्या पुरुषांनी बाईला आत येऊ न देण्यासाठी केलेले आहेत. रांधायचे काम बाईचे, पण ‘शेफ’ म्हटले की पुरुष, हा तिढा समजायला खानदेशी मुलाला पॅरिसला जायची गरज नाही.

जन्मजात शिक्क्याविषयी सर्वांत नेटके बोललेला चित्रपट म्हणजे ‘झूटोपिया’ (२०१६). प्राण्यांच्या या जगात ससुली ज्युडी पोलीस होते. शहरात निघताना आईबाप तिच्या हाती कोल्ह्याला पळवायचा फवारा देतात. निक हा कोल्हा तिचा मित्र होतो, तरी पत्रकारांपुढे मांसभक्षकांच्या रक्तातच दोष असल्यासारखे ती बोलून जाते. पूर्वग्रह भल्या माणसातही असतो, हे मुलांच्या चित्रपटात इतके स्पष्टपणे क्वचितच आले आहे. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, संशयाची नजर राहिली. शेवटी निक पोलीस होतो, तेव्हा खानदेशाच्या वाचकाला इंग्रज लष्करी अधिकारी जेम्स आउट्रम आठवावा. ज्या भिल्लांना लुटारू म्हणून हिणवले त्यांचीच पलटण त्याने १८२५ साली धरणगावला उभी केली. वर्दी मिळाली की माणूस चांगला ठरतो, हा तोडगा मला अपुरा वाटतो. शिवाय ‘झूटोपिया’तल्या मांसभक्षकांनी पूर्वी खरोखर शिकार केलेली असते, माणसांच्या जमातींवरच्या शिक्क्याला असा काही आधार नसतो. शिक्षकांनी चित्रपट दाखवल्यावर हा फरक मुलांशी बोलावा.

भाषेचाही इथे वाटा आहे. इंग्रजीत वेष पालटलेल्या मुलीला आवाज जाड केला की भागते. हिंदीत आणि प्रमाण मराठीत तिला क्रियापदही बदलावे लागते, ‘जाते’चे ‘जातो’ करावे लागते. एक चूक झाली की सोंग उघडे पडते. अहिराणीत वर्तमानकाळापुरते हे ओझे नाही. ‘मी जास’ भाऊही म्हणतो, बहीणही म्हणते. मुलानची गोष्ट अंगणात खेळताना खानदेशी पोरगी सेनापतीपुढे उभी राहून ‘मी लढस’ म्हणते, तेव्हा त्या वाक्यात तिला काहीच लपवावे लागत नाही.