दारं एकाच बाजूला का? टॅलिलिन रेल्वेची पार्श्वभूमी

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टवीन या छोट्या गावातून डोंगराकडे एक नॅरोगेज गाडी जाते, टॅलिलिन रेल्वे. तिच्या डब्यात चढताना एक गोष्ट लगेच खटकते. दारं एकाच बाजूला आहेत. वाटेतली स्थानकंही सगळी त्याच, म्हणजे उत्तरेच्या, बाजूला आहेत. यामागे कसलीही हौस नाही. मूळ बांधकामातली एक चूक १८६६ साली निस्तरली, तिची ही खूण. स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली ही जगातली पहिली रेल्वे. पहिल्या मालकांनी केलेली काटकसर पुढच्या पिढ्यांनी कशी फेडली, हे तिच्या इतिहासात जागोजागी दिसतं.

सुरुवात कापसापासून झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. याच टंचाईने मुंबईत कापसाची तेजी आणली आणि शेअर बाजाराचं वेड लावलं. तिकडे मँचेस्टरच्या मॅकॉनल या गिरणीमालक कुटुंबाने पैसा दुसरीकडे वळवला आणि ब्रिन एग्लुइस ही पाटीच्या दगडाची खाण हाती घेतली. कौलांसाठी या दगडाला तेव्हा मोठी मागणी होती. माल घोड्यांवरून उतरवणं परवडणारं नव्हतं, म्हणून खाणीच्या पायथ्यापासून टवीनपर्यंत रूळ टाकायचं ठरलं. अभियंता होता जेम्स स्विंटन स्पूनर. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, निवडला २ फूट ३ इंच, जो ब्रिटनमध्ये बोटांवर मोजण्याइतक्याच रेल्वेंनी वापरला. जुलै १८६५ मध्ये संसदेचा कायदा झाला आणि प्रवासी वाहतुकीचा हक्क कागदावर आला. हा कागद पुढे ८५ वर्षांनी कामाला येणार होता.

प्रवासी नेण्याआधी सरकारी निरीक्षकाची मंजुरी लागे. कॅप्टन टायलर तपासणीला आले आणि गाडी पुलांपाशी अडकली. रुळांवरून जाणाऱ्या रस्त्यांच्या पुलांखालची रुंदी होती ९ फूट १ इंच आणि डब्याची रुंदी ५ फूट साडेतीन इंच. रूळ मधोमध असले तर दोन्ही बाजूंना दोन फुटांपेक्षाही कमी जागा उरत होती, नियमाला हवी होती अडीच फूट. पुलाखाली गाडी थांबली आणि काही झालं, तर दार उघडून माणूस बाहेर पडणार कसा? पूल पाडून नव्याने बांधायचे म्हणजे खर्च आलाच. त्याऐवजी एका बाजूची दारं कायमची बंद केली आणि पुलांखालचे रूळ त्या बंद बाजूकडे सरकवले. दाराकडे अडीच फूट सुटले की पलीकडे उरतात जेमतेम साडेपंधरा इंच. म्हणून या पुलांखालचे रूळ बदलताना ते 'नीट मधोमध' आणण्याचा मोह टाळावाच लागतो. अंतर भिंतीपासून मोजायचं, नजरेच्या अंदाजावर सोडायचं नाही.

टायलरना इंजिनंही पसंत पडली नाहीत. व्हाइटहेवनच्या फ्लेचर जेनिंग्ज कारखान्यातून दोन इंजिनं आली होती, १ क्रमांकाचं 'टॅलिलिन' आणि २ क्रमांकाचं 'डोलगॉख'. पहिलं चालताना वरखाली उसळायचं, दुसरं आडवं डुलायचं. टॅलिलिनला मागे चाकांची आणखी एक जोडी लावली, तेव्हा उसळणं थांबलं. पण या जोडीमुळे पुढच्या आणि मागच्या आसांमधलं (ॲक्सलमधलं) अंतर वाढलं, आणि लांब इंजिन तीव्र वळणात अडतं. त्यावर कंपनीने काढलेला तोडगा पुढे स्वयंसेवकांना चांगलाच महागात पडला.

ही दोन इंजिनं, चार डबे आणि गार्डाचा एक डबा, एवढ्या सामानावर ही रेल्वे १९५० पर्यंत चालली. वाटेतल्या स्थानकांवर तिकीट विकायला माणूस ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून गार्डाच्या डब्यालाच तिकीटखिडकी होती.

१९११ साली खाण, जमीन आणि रेल्वे असं सगळंच स्थानिक खासदार सर हेन्री हेडन जोन्स यांनी विकत घेतलं. पाटीच्या दगडाचे चांगले दिवस तेव्हा सरले होते. जोन्स यांनी रेल्वेवर पैसा ओतला नाही, पण ती बंदही केली नाही. आपण जिवंत असेपर्यंत गाडी धावेल, हा शब्द त्यांनी पाळला. डिसेंबर १९४६ मध्ये खाणीचा भाग कोसळला आणि खाण बंद झाली. रुळांखालचे आडवे लाकडी स्लीपर इतके कुजले होते की रुळांना जागेवर धरून ठेवण्याचं काम बऱ्याच ठिकाणी गवत आणि मुळ्या करत होत्या. १९४७ च्या वाहतूक कायद्याने ब्रिटनच्या बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, त्यातून टॅलिलिन सुटली. हे दुर्लक्ष तिच्या पथ्यावर पडलं. जवळचीच आणि त्याच गेजची कॉरिस रेल्वे सरकारकडे होती, ती १९४८ साली बंद झाली.

जुलै १९५० मध्ये सर हेडन वारले. ११ ऑक्टोबरला बर्मिंगहॅमच्या इम्पीरियल हॉटेलात लेखक आणि अभियंता टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने सभा भरली आणि जतन संस्था उभी राहिली. या सभेविषयी पुष्कळ लिहिलं जातं. आमच्या मते त्यानंतरची कागदपत्रं अधिक महत्त्वाची. सर हेडन यांच्या पत्नीने शेअर एका धारक (होल्डिंग) कंपनीकडे दिले. तिच्या संचालक मंडळावर त्यांच्या बाजूची आणि संस्थेच्या बाजूची अशी दोन्हीकडची माणसं होती. मूळ रेल्वे कंपनी होती तशीच राहिली. त्यामुळे १८६५ चा कायदाही लागू राहिला आणि गाडी चालवायला नवा परवाना काढावा लागला नाही. बंद पडलेली रेल्वे पुन्हा सुरू करायची तर जमीन, पूल, फाटकं, परवाने सगळ्यांची सुरुवात पहिल्यापासून करावी लागते. इथे हंगाम संपून गाडी उभी होती, एवढंच. १४ मे १९५१ रोजी टवीनहून रिडरोनेनपर्यंत संस्थेची पहिली गाडी गेली.

ओढायला एकच इंजिन होतं, ८५ वर्षांचं थकलेलं डोलगॉख. टॅलिलिन तर काही वर्षं नुसतंच उभं होतं. एका इंजिनावर हंगाम काढणं म्हणजे जुगारच. मग मॅखनलेथच्या यार्डात पडून असलेली कॉरिसची दोन इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांना घेतली. ३ क्रमांकाचं इंजिन १८७८ सालचं, लफबरोच्या फाल्कन कारखान्याचं. ४ क्रमांकाचं १९२१ सालचं, केर स्टुअर्टचं. एकाला सर हेडन यांचं नाव दिलं, दुसऱ्याला जुने व्यवस्थापक एडवर्ड थॉमस यांचं.

३ क्रमांकाचं इंजिन रुळांवर आलं आणि पुन:पुन्हा घसरायला लागलं. गेज तोच असल्यामुळे असं होण्याचं कारण दिसत नव्हतं. मापं घेतल्यावर उलगडा झाला. रुळांमधलं अंतर ठरलेल्या मापापेक्षा सुमारे अर्धा इंच, म्हणजे १३ मिलिमीटर, जास्त होतं. झिजेमुळे नव्हे, जुन्या कंपनीने ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. लांबलेलं टॅलिलिन वळणात अडायला नको, हा त्यामागचा हेतू. टॅलिलिन आणि डोलगॉखच्या चाकांची धाव, म्हणजे रुळावर टेकणारा पट्टा, रुंद असल्यामुळे वाढलेल्या अंतरातही त्यांची चाकं रुळांवर टिकत. कॉरिसच्या ३ क्रमांकाची धाव अरुंद होती. एका बाजूची कड रुळाला टेकली की दुसरीकडचं चाक जवळजवळ रुळाच्या काठावर असायचं. त्यात स्लीपर कुजलेला, खिळा सैल, वजन आल्यावर रूळ थोडा बाहेर कलंडतो, की चाक आत पडलंच. त्या इंजिनाला बाजूला ठेवावं लागलं. ४ क्रमांकाची चाकं रुंद होती. ते हन्स्लेटच्या कारखान्यातून दुरुस्त होऊन आल्यावर १९५२ पासून कामाला लागलं.

इलाज एकच होता. सगळा मार्ग हळूहळू उचलून बरोबर गेजवर पुन्हा घालायचा आणि टॅलिलिनच्या मागच्या चाकांना आडवी थोडी मोकळीक द्यायची, म्हणजे वळणात ती स्वत: सरकतील. टॅलिलिन १९५८ मध्ये पुन्हा धावू लागलं. डोलगॉखची दुरुस्ती १९६३ पर्यंत चालली.

तीव्र वळणाचा हाच प्रश्न माथेरानच्या गाडीपुढेही होता. तिथे तो रूळ रुंद करून नव्हे, इंजिनात सोडवला. १९०७ च्या ओरेनस्टाइन-कोपेल इंजिनांना क्लीन-लिंडनर आस होते. बाहेरचा पोकळ आस आतल्या आसावर थोडा वळू आणि सरकू शकतो, त्यामुळे सहा चाकांचं इंजिनही तीव्र वळण घेतं. त्यातलं ७४० क्रमांकाचं इंजिन इंग्लंडला गेलं आणि लेटन बझर्डच्या नॅरोगेज रेल्वेकडे पोहोचलं. तीही स्वयंसेवकांचीच रेल्वे. माथेरानचा मार्ग मात्र मध्य रेल्वेच्याच हातात आहे.

स्वयंसेवक म्हटलं की कोळसा टाकणारा हौशी माणूस डोळ्यांसमोर येतो. पहिल्या वर्षांत खरा घाम गेला तो रुळांवर. एक स्लीपर बदलायचा तर दोन्ही बाजूंची खडी स्लीपरच्या तळाखालपर्यंत उकरायची, खिळे उपसायचे, जुना स्लीपर आडवा ओढून काढायचा. कुजलेला असला की तो तुकड्यांनीच निघतो आणि वेळ तिथेच जातो. नवा आत सरकवायचा, एका रुळाला पक्का करायचा, गेजपट्टी लावून दुसरा रूळ जागेवर आणायचा आणि मगच खिळे ठोकायचे. शेवटी खडी परत भरून स्लीपरखाली ठासायची. ठासायची ती रुळांच्या खाली, स्लीपरच्या मधोमध नाही. मध्ये ठासली तर स्लीपर तराजूच्या दांडीसारखा डुलतो आणि तडकतो. लागोपाठचे स्लीपर एकदम काढायचे नाहीत. मधले चांगले राखायचे, नाहीतर रूळ आधाराशिवाय राहून खचतो. वेल्समध्ये पावसाला तोटा नाही, त्यामुळे कडेचा चर बुजला की सगळं काम वाया. खडीत पाणी साठतं, प्रत्येक चाकाखाली स्लीपर दबतो, उठतो आणि चिखल वर ओढतो. त्या जागी पुन्हा ठासून उपयोग नसतो, आधी चर मोकळा करावा लागतो. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रादेशिक सेनेच्या अभियंत्यांनी सराव म्हणून रूळ घालायला हात लावला, तो मोलाचा ठरला.

शनिवार-रविवार येणाऱ्या माणसांच्या जोरावर रोजची गाडी चालत नाही, हे पहिल्याच हंगामात उमगलं. १९५१ मध्ये रोल्ट स्वत: व्यवस्थापक झाले आणि डेव्हिड कर्वेन अभियंता म्हणून राहिले. रोज हजर असणारी थोडी पगारी माणसं आणि भोवती आळीपाळीने येणारे स्वयंसेवक, ही रचना पुढे बहुतेक सगळ्या वारसा रेल्वेंनी उचलली. शिकाऊ माणूस आधी इंजिन पुसणारा होतो, मग फायरमन, मग ड्रायव्हर. प्रत्येक पायरीवर तोंडी परीक्षा आणि प्रत्यक्ष फेऱ्या असतात. आठवड्यातून एखादाच दिवस येणाऱ्याला ही वाट चढायला बरीच वर्षं लागतात.

इंजिनाचा दिवस गाडी सुटण्याआधी तीन-चार तास सुरू होतो. पेटवण्याआधी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन्ही काचनळ्या पाहायच्या, पण नुसतं पाहून भागत नाही. खालची चावी उघडून पाणी जाऊ द्यायचं, ते पुन्हा त्याच उंचीवर चढलं तरच काच खरं बोलते. वाट तुंबली असेल तर काच भरलेली दिसते आणि बॉयलर रिकामा असतो. पाणी आग असते त्या फायरबॉक्सच्या छताखाली गेलं तर पत्रा तापून मऊ होतो. त्याआधी वितळून वाफ आगीवर सोडणारं शिशाचं बूच तिथे बसवलेलं असतं, ते शेवटची राखण. मग हातब्रेक लावलेला आहे, वाफेची झडप बंद आहे, सिलिंडरच्या चाव्या उघड्या आहेत हे पाहून चिमणीखालच्या धूरपेटीतली राख काढायची आणि आग लहान ठेवून वाढवायची. घाई केली तर बॉयलरचे भाग कमीजास्त फुगतात आणि नळ्यांची टोकं गळायला लागतात. गाडीला जोडण्याआधी बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे दोन्ही इंजेक्टर चालवून पाहायचे. एकच चालत असेल तर इंजिन बाहेर काढायचं नाही.

बॉयलरची तपासणी दरवर्षी होते आणि साधारण दहा वर्षांनी तो उतरवून नळ्यांसकट पूर्ण दुरुस्त करावा लागतो. त्यामुळे इंजिनं जितकी दिसतात तितकी कधीच हाताशी नसतात.

प्रवाशांनी मात्र निराश केलं नाही. १९७३ मध्ये सुमारे १ लाख ८५ हजार प्रवासफेऱ्या झाल्या. १९७६ साली पूर्वी फक्त मालगाड्या जात तो नांट ग्वेर्नोलपर्यंतचा पाऊण मैल प्रवाशांना खुला झाला आणि मार्ग सव्वासात मैलांचा झाला. २०२१ मध्ये वायव्य वेल्सचा पाटीच्या दगडाचा प्रदेश जागतिक वारसा यादीत गेला, त्यात ही रेल्वेही आली.

सध्याची डोकेदुखी कोळशाची आहे. मर्थर टिडफिलजवळची फोस-इ-फ्रान खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि कमी धुराचा वेल्श कोळसा हातचा गेला. बाहेरून येणारा कोळसा आणि कोळशाची भुकटी दाबून केलेल्या विटा वेगळ्या जळतात. काहींची राख वितळून आगीखालच्या जाळीवर दगडासारखी चिकटते आणि खालून हवा अडते. मग आग पातळ ठेवायची, थोडं थोडं टाकायचं आणि जाळी मधूनमधून सळईने मोकळी करायची. वेल्श कोळशावर हात बसलेल्या फायरमनांनाही हे नव्याने शिकावं लागतं आहे.