घरात मांजर आहे? मग कोंबडीची पिलं नेण्याआधी हे वाचा

पिलं घ्यायला आलेल्या ग्राहकांचा ठरलेला प्रश्न असतो : "आमच्याकडे मांजर आहे, चालेल ना?" चालेल. पूर्ण वाढलेली कोंबडी आणि पाळीव मांजर एकाच परसात बिनतक्रार राहतात. अडचण असते ती पिलं लहान असेपर्यंत. "आमची मनी फार गरीब आहे हो" यावर मात्र विसंबू नका. एक दिवसाचं पिलू ३५-४० ग्रॅमचं, चिवचिवणारं आणि तुरुतुरु पळणारं. उंदरावर झडप घालणारं जनावर त्याच्यावरही घालणारच. पोट भरलेलं मांजरसुद्धा शिकार करतं, म्हणून "दूधभात खाऊन झोपलंय" हाही भरवसा नको.

पहिले सहा ते आठ आठवडे

पहिल्या आठवड्यात पिलांना साधारण ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची. बहुतेक जण खोक्यात बल्ब सोडतात आणि वर जुनी साडी टाकतात. पावसाळ्यात घरातली सगळ्यात उबदार जागा तीच, त्यामुळे मांजर शिकारीला नाही तरी झोपायला तिथे चढतं. चार किलोचं जनावर बसलं की साडी खाली आणि मांजर आत! (साडी बल्बला टेकून पेटायची भीती वेगळीच.) मांजराने एकाही पिलाला तोंड लावलं नाही तरी घाबरलेली पिलं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी अंगावर ओरखडाही नसलेली पिलं मेलेली दिसली, तर आधी हा संशय घ्या.

म्हणून खोक्यावर लाकडी चौकटीची, अर्ध्या इंची वेल्डमेश जाळी लावा आणि तिला कडी बसवा. षटकोनी भोकांच्या नेहमीच्या जाळीने कोंबडी आत राहते, पण मांजराचा पंजा बाहेर राहत नाही. दिवसा पिलं डालग्याखाली ठेवत असाल तर डालग्यावर वजनदार दगड हवाच.

खुडूक कोंबडीने स्वतः उबवलेली पिलं असतील तर निम्मं काम तीच करते. पिसं फुलवून, मान खाली घालून ती अशी अंगावर जाते की दांडगा बोकाही पडवीच्या कठड्यावर उडी मारतो. नाकावर एकदा चोच बसली की बरीच मांजरं पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

गिरिराज, वनराज या सुधारित जाती झपाट्याने वाढतात. गावरान आणि कडकनाथ सावकाश वाढतात, त्यांना आणखी दोन-तीन आठवडे जाळीतच राहू द्या. तोवर मांजराला जाळीबाहेरून रोज बघू द्या; नवलाई संपली की ते लक्ष द्यायचं सोडतं. पहिले काही दिवस मोकळं सोडताना मात्र तुम्ही तिथेच थांबा.

चोर कोण?

पिलू गेलं की पहिला आळ घरच्या मांजरावर येतो. मोठी कोंबडी दिवसाढवळ्या मानेला चावा घेऊन मारलेली असेल तर मुंगूस आठवा. एकेक पिलू गायब होतंय आणि खुराड्याच्या कडेला बिळं आहेत, तर घूस किंवा उंदीर पाहा. घार आणि कावळा आहेतच. मुंगूस माती उकरून आत शिरतं, म्हणून खुराड्याची जाळी फूटभर जमिनीत गाडा. दाणे सांडले की उंदीर येतात, आणि तिथे मांजर खरोखर उपयोगी पडतं. मात्र त्याच घरात उंदराचं औषध ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही दगावू शकतं.

कोंबडीला मांजर चावलं असेल तर जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. मांजराच्या दातांतून आत गेलेला जंतू कोंबडीला लवकर लोळवतो.

रोजची खरी कटकट

ती शिकारीची नसते, मातीची असते. कोंबड्या अंग घोळायला भुसभुशीत माती उकरतात आणि मांजराला शौचाला तशीच माती आवडते. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो. कोंबड्या तो मातीतून टिपतात आणि मांस कच्चं राहिलं तर तो माणसापर्यंत येतो. घरात गरोदर बाई असेल तर मांजराच्या विष्ठेची सफाई तिने करू नये. मांजराला वाळूचा ट्रे वेगळ्या कोपऱ्यात द्या, विष्ठा रोज उचला, आणि कोंबड्यांची राख-माती रात्री झाकून ठेवा.

कोंबड्यांच्या उवा-पिसवांवर मिळणाऱ्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला विषारी आहे. फवारणी किंवा पावडर केल्यावर मांजराला खुराड्याकडे फिरकू देऊ नका, आणि कोंबड्यांचं औषध मांजराच्या अंगावर तर कधीच नको.

कोंबडी कापल्यावर कच्ची आतडी, मुंडकी मांजराला टाकायची सवय मोडा. बर्ड फ्लू मांजरांनाही होतो. २०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले ते बर्ड फ्लूच्याच एच५एन१ विषाणूने. मेलेली कोंबडी मांजराच्या तोंडी लागू देऊ नका. एकदम अनेक मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

नोंदणी करतानाच घरात मांजर असल्याचं सांगा. तुम्हाला एक दिवसाच्या पिलांऐवजी दोन महिन्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) देऊ. त्या महाग पडतात, पण जाळी-बल्बचा खर्च आणि रात्रीची जागरणं वाचतात.