बेकेट पुलाची आखूड बाजू

डब्लिनमध्ये लिफी नदीवरचा सॅम्युएल बेकेट पूल पहिल्यांदा पाहिला की तो कलंडेल असंच वाटतं. 48 मीटर उंचीचा त्याचा पांढरा मनोरा पात्राच्या मधोमध नाही, दक्षिण काठाकडे सरकलेला आहे. शिवाय वर जाताना तो पुलाच्या लांब बाजूकडे, म्हणजे उत्तरेला वाकतो. त्याला 31 केबल जोडल्या आहेत. सगळं मिळून आडवी ठेवलेली हार्प, म्हणजे उभ्या तारांचं वाद्य, दिसते, आणि हार्प हे आयर्लंडचं राष्ट्रचिन्ह. फोटो याच आकाराचे निघतात. मला मात्र या पुलाचा तोल जास्त देखणा वाटतो.

केबल ओढू शकते, ढकलू शकत नाही. लांब बाजूच्या केबल रस्त्याचा भार उचलून मनोऱ्यावर देतात, पण तसं करताना त्याला उत्तरेकडे खेचतातही. मागच्या मोजक्या, जाड केबल त्याला उलट दिशेने ताणून धरतात. त्यांची खालची टोकं आखूड बाजूत रुतलेली आहेत.

खरी परीक्षा जहाज आल्यावर होते. वाहतूक थांबवून अख्खा पूल मनोऱ्याच्या बुडाशी असलेल्या यंत्रणेवर 90 अंशांत फिरतो. त्या वेळी दोन्ही टोकं अधांतरी असतात आणि सगळं वजन एकाच पायावर येतं. लांब बाजूने खाली झुकू नये, म्हणून आखूड बाजू जड हवी. तराजूची एक दांडी दुसरीच्या तिप्पट असेल, तर आखूड दांडीला तिप्पट वजन टांगावं लागतं. हे तेच गणित. म्हणून आखूड बाजूच्या पोटात जड भरणा आहे. तोल असा साधला की यंत्राला वजन उचलावं लागत नाही, घर्षण आणि वारा यांच्यावर मात केली की पुरे.

पूल मिटला की टोकं काठांवर टेकतात आणि चार मार्गिकांच्या वाहतुकीचा भार घ्यायला काठही मदतीला येतात.

पुलाला ज्यांचं नाव आहे, त्या लेखक बेकेट यांचा जन्म डब्लिनचाच, 1906चा. 1969 साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. पुलाचा आराखडा सांतियागो कालात्राव्हा यांचा. याच नदीवरचा, 2003चा जेम्स जॉइस पूलही त्यांचाच.

बेकेट पुलाचा पोलादी सांगाडा नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमजवळ घडला आणि 2009 मध्ये बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेवर, चढून समुद्रमार्गे आला. नदीच्या मुखाशी ईस्ट लिंक हा उचलता पूल होता. तो उघडला, तेव्हा कुठे हा आत आला.