जाळलेल्या आठव्या सिंफनीची पार्श्वभूमी

फिनलंडचे संगीतकार जां सिबेलियस यांचे निधन २० सप्टेंबर १९५७ रोजी झाले, तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. परंतु त्यांची शेवटची मोठी रचना ‘तापिओला’ ही १९२६ सालची आहे. मधल्या तीन दशकांत ज्या आठव्या सिंफनीची (वाद्यवृंदासाठीच्या, बहुधा अनेक भागांच्या मोठ्या रचनेची) युरोप-अमेरिकेतील रसिक वाट पाहत राहिले, ती त्यांनी स्वतःच नष्ट केली. वार्धक्य, मद्यपान आणि हाताला सुटलेला कंप ही कारणे सहसा सांगितली जातात व ती खोटी नाहीत. तरीही स्वतःचे काम मागे घेण्याची त्यांची सवय फार जुनी होती.

सिबेलियस यांचा जन्म ८ डिसेंबर १८६५ रोजी हॅमेनलिन्ना येथे एका स्वीडिशभाषक डॉक्टरांच्या घरी झाला. फिनलंड तेव्हा रशियन झारच्या अधिपत्याखालील स्वायत्त प्रदेश होता आणि तेथील सुशिक्षित वर्गाची भाषा मुख्यतः स्वीडिशच होती. सिबेलियस मात्र फिनिश माध्यमाच्या शाळेत शिकले आणि एलियास ल्योनरोट यांनी लोकगीतांवरून सिद्ध केलेल्या ‘कालेवाला’ या महाकाव्याशी त्यांची ओळख झाली. व्हायोलिनवादक होण्याचे स्वप्न मागे पडले. हेलसिंकी, बर्लिन व व्हिएन्ना येथे शिक्षण घेऊन परतल्यावर २८ एप्रिल १८९२ रोजी त्यांनी ‘कालेवाला’तील कथेवर आधारलेली ‘कुलेर्वो’ ही पाच भागांची भव्य रचना सादर केली. तिने त्यांना एका दिवसात राष्ट्रीय संगीतकार केले. पुढच्याच वर्षी झालेल्या काही प्रयोगांनंतर त्यांनी ती बाजूला ठेवली आणि त्यांच्या हयातीत ती पुन्हा संपूर्ण वाजली नाही.

दरम्यान राजकारणाने त्यांच्या संगीताला निराळाच अर्थ दिला. फिनलंडच्या स्वायत्ततेवर गदा आणणारा झार दुसरा निकोलस याचा जाहीरनामा फेब्रुवारी १८९९ मध्ये निघाला आणि वृत्तपत्रांची मुस्कटदाबी वाढली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रांच्या मदतीसाठी म्हणून झालेल्या, पण प्रत्यक्षात निषेधाचा सूर असलेल्या समारंभासाठी त्यांनी लिहिलेल्या संगीतातील शेवटचा तुकडा पुढे ‘फिनलंडिया’ झाला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने संचालक रॉबर्ट कायानुस यांनी हेलसिंकीचा वाद्यवृंद युरोपभर नेला, तेव्हा सिबेलियस यांचे संगीतही देशाबाहेर पोहोचले.

१९०४ मध्ये ते पत्नी आयनो यांच्यासह तुसुला तलावाजवळील ‘आयनोला’ या घरात राहायला गेले. त्याच वर्षी वाजलेला व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) त्यांना पटला नाही. त्यांनी त्याची पुनर्रचना केली आणि १९०५ मध्ये बर्लिनला रिखार्ड स्ट्राउस यांच्या संचालनाखाली तो नव्याने सादर झाला. १९०७ मध्ये ऑस्ट्रियन संगीतकार गुस्टाव मालर हेलसिंकीत आले असता सिबेलियस यांनी सिंफनीतील शिस्त आणि अंतर्गत तर्क यांची महती सांगितली, तर मालर यांच्या मते सिंफनीत सगळे जग मावले पाहिजे. या एका संवादात दोघांच्या वाटा स्पष्ट दिसतात. १९०८ मध्ये घशातील गाठीवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर सिगार व मद्य सोडलेल्या वर्षांत त्यांनी लिहिलेली चौथी सिंफनी (१९११) कोरडी, काटेकोर आणि श्रोत्यांची मनधरणी न करणारी आहे. माझ्या मते त्यांचे सर्वांत धाडसी काम हेच. पाचवी सिंफनी त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, १९१५ मध्ये, वाजली. तिलाही त्यांनी १९१६ आणि १९१९ मध्ये बदलले. सातवी (१९२४) तर सलग एकाच भागात बांधलेली आहे. प्रत्येक पुढची रचना अशी अधिकाधिक आटत गेली.

आठवीबद्दल त्यांनी बॉस्टनच्या वाद्यवृंदाचे संचालक सर्गेई कुसेवित्स्की यांना वारंवार आशा दाखवली. १९३३ मध्ये नकलनविसाकडून पहिल्या भागाची २३ पाने लिहून घेतल्याची नोंद आहे, म्हणजे ती केवळ कल्पनेत नव्हती. आयनो यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे १९४० च्या दशकात सिबेलियस यांनी टोपलीभर हस्तलिखिते जेवणघरातील शेकोटीत जाळली. आठवीही त्यांतच गेली असे मानले जाते. त्यानंतर ते अधिक शांत झाले, असेही आयनो यांचे निरीक्षण होते. आठवीशी संबंधित असावेत असे काही त्रोटक कच्चे खर्डे मागे उरले होते. २०११ मध्ये हेलसिंकीच्या वाद्यवृंदाने ते वाजवले. सगळे मिळून त्यांचा कालावधी तीन मिनिटांहूनही कमी आहे.